टोंगातलं फेस्त आणि फोंड्याची लेक

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आदरणीय बाई, सप्रेम नमस्कार. तुम्ही टोंगात दोन वर्षं शिकवायला होतात, असं मागे एका उत्तरात वाचलं होतं. म्हणून धीर करून लिहिते. माझी धाकटी मुलगी चोवीस वर्षांची आहे, बी.एस्सी. बी.एड. झाली. ऑगस्टमध्ये ती एका स्वयंसेवक योजनेतून वर्षभरासाठी टोंगातल्या एका खेड्यात, शाळेवर जाते आहे. तिथे एका कुटुंबात राहणार. त्यांच्याकडून आलेल्या कागदात लिहिलंय की स्वयंसेवकांनी गावातल्या चर्चच्या सणा-समारंभांत मिसळावं. आमचं घर देवकार्यातलं. सोमवार, एकादशी पाळतो. मासे खातो, पण गाय-डुक्कर घरात येत नाही. तिच्या वडिलांना वाटतं, दर रविवारी चर्चमध्ये बसून तिचं मन फिरेल. मला वाटतं, गेली नाही तर परक्या गावात एकटी पडेल. तिने जावं का? गेली तर बसावं कुठे, खावं काय? – एक आई, फोंडा

उत्तर : ताई, आधी उत्तर देते, मग बाकीचं सांगते. तिला जाऊ द्या. चर्चमध्येही जाऊ द्या, सणालाही जाऊ द्या, आणि पहिल्याच रविवारपासून. महिनाभर बघू मग ठरवू, असं तिने केलं तर तो एक महिना भरून काढायला पुढचे सहा महिने लागतील.

मी 2012 आणि 2013 अशी दोन वर्षं हाअपाई बेटांपैकी लिफुकावरच्या एका गावात विज्ञान शिकवलं. साऱ्या टोंगाची, म्हणजे पॅसिफिक महासागरातल्या त्या बेटांच्या देशाची, वस्ती एक लाखाच्या आसपास, म्हणजे जवळपास आपल्या डिचोली तालुक्याएवढी, आणि ती पार विखुरलेल्या बेटांवर. आमच्या गावात सगळे सगळ्यांना ओळखत. कोण कुठल्या बाकावर बसतं, हेही ठरलेलं.

तिथला रविवार समजून घेतला की निम्मे प्रश्न सुटतात. हाअपाईचा राजा ताउफाआहाऊ याने 1831 साली वेस्लियन, म्हणजे मेथडिस्ट ख्रिस्ती पंथाच्या, मिशनऱ्यांकडून बाप्तिस्मा घेतला. पुढे तोच पहिला जॉर्ज तुपोऊ म्हणून सगळ्या टोंगाचा राजा झाला, आणि त्याने दिलेल्या 1875 च्या राज्यघटनेत रविवार कायमचा पवित्र ठरवला गेला. तो नियम आजही चालू आहे. दुकानं बंद, शेत बंद, मासेमारी बंद, खेळ बंद. 1982 च्या मोठ्या वादळानंतर लोकांच्या पोटासाठी बेकऱ्यांना उघडायची मुभा मिळाली, ती बरीच वर्षं चालली आणि 2016 मध्ये पुन्हा काढून घेतली गेली. बाकी सगळं गाव चर्चमध्ये, मग जेवायला, मग झोपायला आणि दिवस कलला की पुन्हा चर्चमध्ये.

हे सगळं मी वाचून गेले होते. तरी पहिल्या रविवारी मी घरी राहिले. आपण हिंदू, आपलं तिथे काय काम, असा विचार केला. आठवड्याचे कपडे धुतले आणि दोरीवर वाळत घातले. प्रार्थना संपवून माझी घरधनीण परत आली. काही न बोलता तिने माझे ओले कपडे एकेक करून दोरीवरून काढले, पाटीत भरले आणि माझ्या खोलीत आणून ठेवले. तासाभराने ती केळीच्या पानावर जेवण घेऊन आली आणि माझ्या कपाळाला हात लावून बघितला. मी आले नाही म्हणजे मला ताप असणार, असं तिला वाटलं होतं. धडधाकट माणूस रविवारी घरी थांबतं, हे तिच्या मनातच येणं शक्य नव्हतं. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. पुढच्या रविवारी मी तिच्यामागून गेले, आणि दोन वर्षांत आजारपणाचे दोन-तीन रविवार सोडले तर एकही चुकवला नाही.

कपड्यांचं सांगते. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. कमरेला बायका किएकिए बांधतात, म्हणजे विणलेली कमरपट्टी आणि तिला लोंबणाऱ्या झालरी. पुरुष ताओवाला बांधतात. ती चक्क चटई असते, कमरेभोवती गुंडाळून काथ्याच्या दोरीने आवळलेली. ती बांधली की समोरच्याचा मान राखला, असा त्याचा अर्थ. मी साडी नेसून निघाले. घरधनिणीने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं, आत गेली आणि तिच्या आईचा जुना किएकिए घेऊन आली. माझ्या निऱ्यांवर तो बांधताना तिने दोनदा गाठ सोडली, कारण साडी घसरेल अशी तिला भीती वाटत होती. त्या किएकिएला खोबरेल तेलाचा आणि धुराचा वास होता. तुमच्या मुलीबरोबर दोन साध्या सुती साड्या जरूर द्या. साडीत सगळं झाकलं जातं आणि आपण आपल्याच कपड्यांत राहतो. किएकिए तिथलं कुणीतरी देईल. दिला की नको म्हणू नये.

आत शिरल्यावर पहिली गोष्ट ऐकू येते ती गाणं. बऱ्याचदा वाद्य नाही, नुसते आवाज, चार पट्ट्यांतले, आणि सगळं गाव गातं. ते स्वर आकड्यांनी लिहिलेले असतात. मोल्टन नावाच्या मिशनऱ्याने एकोणिसाव्या शतकात ही पद्धत घालून दिली. सप्तकाला तीनपासून नऊपर्यंतचे आकडे, आणि म्हणायचे ते टोंगन आकड्यांच्या नावांतल्या एकेका अक्षराने : तो, फा, नी, ओ, तू, व्हा, ही. तालमीच्या वेळी फळ्यावर नुसती आकड्यांची रांग लिहिलेली, आणि शेतातून आलेले मातीच्या पायांचे बाप्ये ती बघून खर्जात गातात. आपल्याकडे इगर्जीच्या, म्हणजे चर्चच्या, शाळांतून मेस्तांनी, म्हणजे संगीतशिक्षकांनी, पिढ्यान्पिढ्या पोरांना सोल्फ, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलेखन, शिकवलं, त्यातून गोव्याचे किती वादक घडले ते आपण बघतोच. मला तिथे ती आठवण सारखी येई. तुमच्या मुलीला गाता येत असेल तर तिने गायकांत जाऊन बसावं. शब्द पाठ होतील, भाषा येईल आणि आठवड्यातल्या दोन संध्याकाळी तिला एकटं वाटणार नाही. मला स्वतःला त्या तालमींनी वाचवलं.

आता जेवण. तुम्ही एका ओळीत विचारलंत, पण खरी काळजी त्याचीच आहे हे मला कळतं.

रविवारचं आणि सणाचं जेवण उमूत होतं. जमिनीत खड्डा, त्यात लाकडं पेटवून दगड तापवायचे, त्यावर कंद आणि पानांच्या पुरचुंड्या रचायच्या, वरून केळीची पानं आणि माती. चर्चला जाण्याआधी उमू पुरायचा आणि आल्यावर उघडायचा. कंद सगळे आपल्या ओळखीचे : कोनफळाच्या जातीचा मोठा ‘उफी’, अळकुडी, रताळं, कसावा. आणि त्या पुरचुंड्या म्हणजे ‘लू’. ताई, लू म्हणजे अळूची पानं. आपलं तेरंच! हातावर पाच-सहा कोवळी पानं एकावर एक पसरायची, हात खोलगट करायचा, मधे कांदा आणि मांस, वर नारळाचा जाडा रस ओतायचा आणि रस सांडायच्या आत कडा वर उचलून पुरचुंडी बांधायची. आपण अळवाची खाज जावी म्हणून आंबाडा नाहीतर चिंच घालतो. तिथे आंबट काही नाही, तासन्‌तास वाफेत शिजवून आणि नारळाच्या रसानेच ती मारतात. पहिल्यांदा बांधताना माझी बोटं खाजली तेव्हा मला आईच्या पाटावरचं अळू आठवलं आणि डोळ्यांत पाणी आलं.

त्या मधल्या मांसाचाच प्रश्न. सर्रास घालतात ते डब्यातलं खारवलेलं गोमांस, त्याला कापा पुलू म्हणतात, नाहीतर मेंढीचं मांस. आणि सणाला अख्खं डुक्कर विस्तवावर फिरवून भाजलेलं, मांडलेल्या जेवणाच्या मधोमध. तिथे मान द्यायचा म्हणजे डुक्कर वाढायचं.

माझ्या हातून चूक झाली ती इथे. दुसऱ्याच महिन्यात एका घराने गावाला जेवण दिलं. घरच्या कर्त्याने स्वतःच्या हाताने डुकराची कातडी, खरपूस भाजलेली, सगळ्यांत चांगला तुकडा, माझ्या पानात ठेवली. मी हात आडवा केला आणि सगळ्यांसमोर म्हटलं, आम्ही हे खात नाही. तो थिजला. त्याची बायको आत गेली. नंतर मला कळलं की ते डुक्कर त्यांनी माझ्यासारख्या परक्या पाहुणीसाठीच राखलं होतं. मी खोटं बोलले नव्हते आणि खायला हवं होतं असंही मी म्हणत नाही. पण ते मी पंगतीत सांगितलं, तिथे चुकले. गुरुवारी त्यांच्या चुलीशी बसून सांगितलं असतं तर काहीच बिघडलं नसतं. म्हणून तुमच्या मुलीने पहिल्या दोन दिवसांत घरधनिणीला नीट सांगावं : आमच्या घरचा नेम असा असा आहे, गाय नाही, डुक्कर नाही, मासे चालतात. ‘नेम’ हा शब्द तिथे चटकन समजतो, कारण तिथे बरेच लोक आपापल्या चर्चचा कुठला ना कुठला नेम पाळतात. सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट डुक्कर खात नाहीत, मॉर्मन चहा-कॉफी पीत नाहीत. एकदा घरधनिणीला कळलं की पुढचं ती बघते. त्यानंतर माझ्यासाठी प्रत्येक उमूत एक वेगळा लू असे, ‘इका’ घातलेला, म्हणजे मासळीचा. ओळखू यावा म्हणून त्यावर ती केळीच्या सोपटाची गाठ मारून ठेवायची. लिंबाच्या आणि नारळाच्या रसातले कच्चे मासेही असतात, ‘ओता इका’, ते मला फार आवडायचे. एकादशी मात्र कंदांवर छान होते. रताळं आणि नारळ काय, पाहिजे तेवढं.

आणि तिने नुसतं खाऊ नये, कामाला बसावं. हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, म्हणून जरा थांबून सांगते. स्वयंसेवक पाहुणा म्हणून येतो, त्याला वरच्या टोकाला बसवतात, वारा घालतात, आणि सहा महिने तो तिथेच बसून राहतो. मी बऱ्याच जणांना तसं बघितलं. त्यांना वाटतं आपण सणात भाग घेतला. माझं पाहुणेपण सुटलं ते एका शनिवारी. अंगणात नारळ खवणं चाललं होतं. तिथली खवणी अगदी आपल्या आदोळीच्या जातीची : बुटकं लाकडी आसन, पुढे लोखंडी दात, त्यावर बसून खवायचं. तिथे हे मुलग्यांचं काम. घरातला मोठा मुलगा उठला तशी मी जाऊन त्याच्या जागी बसले. तो गोंधळला. मी करवंटी हातात फिरवत, खालची काळी साल न लागू देता, पांढरं खोबरं सुटं पाडत गेले. लहानपणी चवथीच्या आदल्या दिवशी आईने बारा-बारा नारळ खवायला लावले होते, ते हाताला आठवत होतं. तीन नारळ झाले. आजी ओट्यावरून उठून आल्या, खोबरं बोटांत धरून पाहिलं आणि घरात हाक मारून सुनेला बोलावलं, बघायला. त्या दिवसापासून मला कुणी वारा घातला नाही. सणाच्या पहाटे चारला दार वाजवून उठवायला लागले, आणि मला त्याचा काय आनंद झाला ते कसं सांगू!

मोठ्या जेवणाला ‘पोला’ म्हणतात. खरं तर माडाच्या झावळ्यांच्या विणलेल्या लांब तबकाचं ते नाव, आता टेबलंही असतात. त्यावर थरांवर थर : कंद, लू, मासे, डुक्कर, वर कलिंगडं, शीतपेयांचे डबे. दोन्ही बाजूंनी माणसं, आणि यजमान मागे उभे, माशा वारत. जेवण चालू असताना भाषणं होतात, आभार मानतात, म्हातारी माणसं बोलता बोलता रडतात. एक लक्षात ठेवायचं. यजमान जेवलेले नसतात. मुलं जेवलेली नसतात. पहिली पंगत उठल्याशिवाय दुसरी बसत नाही. म्हणून थोडं खावं, आभाराचे दोन शब्द बोलावेत, मुख्य पाहुणे उठले की आपण उठावं, आणि जमलं तर मागच्या बाजूला जाऊन भांड्यांना हात लावावा. उरलेलं अन्न बांधून घरोघर जातं, त्यात लाज नाही. आपल्या देवळातल्या महाप्रसादाला वाढायला उभी राहिलेली मुलगी असेल तर तिला हे शिकवावं लागणार नाही.

सणांत मला सगळ्यांत जिवाभावाचा ‘फाका मे’. मे महिन्यातला पहिला रविवार, मुलांचा. पोरं पांढऱ्या कपड्यांत, केसांना तेल, गळ्यात हार. एकेकाने पुढे येऊन पाठ केलेली वचनं म्हणायची. आठवडे न् आठवडे घराघरांतून घोकंपट्टी चालते. माझ्या वर्गातला एक मुलगा अडखळत बोलायचा. त्याची आई मला म्हणाली, शाळा सुटल्यावर तुम्ही त्याच्याकडून म्हणवून घ्या. मला तर तेव्हा निम्मे शब्द कळत नव्हते. तरी महिनाभर रोज, व्हरांड्यात बसून, तो म्हणे आणि मी कागदावर बोट फिरवी. त्या रविवारी तो उभा राहिला, दोन ओळी म्हटल्या आणि थांबला. चर्च गच्च भरलेलं. कुणी हसलं नाही. तिसऱ्या बाकावर त्याची आई नुसते ओठ हलवत होती. तो तिच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होता. मीही ओठ हलवले. मला ती ओळ पाठ झाली होती. तो पुढे म्हणत गेला आणि शेवटपर्यंत पोचला. दुपारी त्यांच्या घरच्या जेवणात त्याच्या आईने मला आपल्या शेजारी बसवलं, वरच्या टोकाला नाही. तुमच्या मुलीचं वर्ष ऑगस्टला संपतं, म्हणजे पुढच्या वर्षीचा फाका मे तिला मिळेल. तो तिने चुकवू नये.

त्याआधी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ‘उइके लोतू’ येईल, प्रार्थनेचा आठवडा. पहाटे प्रार्थना, संध्याकाळी प्रार्थना, आणि रोज कुणा ना कुणाच्या घरी जेवण. वास्कोला दामोदराच्या सप्ताहात चोवीस तास भजन चालतं, तेव्हा आपण झोपेचा हिशेब मांडत नाही. तसंच मनाने घ्यावं. दमायला होतं, हे खरं आहे. तिने तब्येत सांभाळून पहाटेची चार आणि संध्याकाळची सगळी धरली तरी खूप झालं.

काव्हाबद्दल तिच्या वडिलांना मुद्दाम सांगा. काव्हा म्हणजे एका झाडाच्या मुळांचा पाण्यात कालवलेला रस. दारू नव्हे, पण अंग आणि जीभ जड होते. पुरुष गोलाकार बसून पितात आणि कालवून वाढायला एक अविवाहित मुलगी असते, तिला ‘तोउआ’ म्हणतात. परक्या मुलींना हमखास विचारतात. गावात ते मानाचं समजतात, आणि ओळखीच्या घरात, घरधनिणीला विचारून, एखाद्या संध्याकाळी बसायला हरकत नाही. पण नको वाटलं तर खुशाल नाही म्हणावं, आणि ते नाही घरधनिणीच्या तोंडून जाऊ द्यावं. ओळख नसलेल्या ठिकाणी, रात्री उशिरा, एकटीने मुळीच जाऊ नये. इथे मी भीड बाळगायला सांगणार नाही.

राहता राहिली तिच्या वडिलांची शंका. मन फिरेल का? ताई, आपण गोव्यातली माणसं. ईस्टरनंतर पंधरा दिवसांनी येणाऱ्या सोमवारी म्हापशाला मिलाग्रीस सायबिणीच्या, म्हणजे मेरी मातेच्या, फेस्ताला तेल घेऊन रांगेत किती हिंदू उभे असतात ते त्यांनी पाहिलं असेल. शिरगावची लईराई देवी आणि ही सायबीण बहिणी, असं आपण मानतो, आणि लईराईच्या जत्रेला जाणारा माणूस तिथून काही वेगळा होऊन येत नाही. मी दोन वर्षं दर रविवारी चर्चमध्ये बसले. डोळे मिटले की माझ्यासमोर म्हार्दोळची म्हाळसा यायची. मला कुणी अडवलं नाही. एक-दोघांनी आमच्याकडे या असं प्रेमाने सुचवलं, मी माझं घर आहे असं प्रेमाने सांगितलं. तुमची मुलगी चोवीस वर्षांची आहे, घरात देव बघत वाढलेली आहे. तिच्या वडिलांनी तिला जाताना भीती देऊ नये, देवघरातलं थोडं कुंकू द्यावं.

तिथलं घड्याळ आपल्या साडेसात तास पुढे. तिची रविवारची दुसरी प्रार्थना आणि जेवण आटोपून रात्रीचे आठ वाजतील तेव्हा आपल्याकडे दुपारचे साडेबारा. फोन त्या वेळेला करा.

प्रश्न : माझा भाचा सध्या टोंगात स्वयंसेवक आहे. तो सांगतो की तिथे चर्चमध्ये वर्षातून एकदा देणग्यांचा दिवस असतो आणि कोणी किती दिले ते नावासकट मोठ्याने वाचतात. लोक गरीब, तरी हजारांनी देतात. त्याला हे पटत नाही, पण गावकऱ्यांनी त्यालाही बोलावलंय. त्याने काय करावं? – निवृत्त बँक कर्मचारी, म्हापसा

उत्तर : त्या दिवसाला ‘मिसिनाले’ म्हणतात. मीही दोनदा बसले. पहिल्या वर्षी मला आतून त्रास झाला. ज्या घरात पोरांच्या वह्यांना पैसे नव्हते त्या घराचं नाव पुकारलं गेलं आणि आई पदर सावरावा तशी चटई सावरत, नोटा घेऊन पुढे गेली. काही घरं कर्ज काढतात. हे चांगलं आहे असं मी म्हणणार नाही, आणि टोंगातलीही पुष्कळ माणसं म्हणत नाहीत.

पण दुसरी बाजू पाहिल्याशिवाय भाच्याने तोंड उघडू नये. त्या पैशातला मोठा भाग ऑकलंड, सिडनी, अमेरिका इथून येतो. परदेशातल्या मुलांनी पाठवलेल्या पैशावर जगातले जे देश सर्वांत जास्त टेकलेले आहेत त्यांत टोंगा आहे. त्या दिवशी पुकारलं जाणारं नाव हे दूर राहिलेल्या मुलाचंही नाव असतं. आपल्याकडे बोटीवरचा तारवटी किंवा आखातातला मुलगा गावच्या फेस्ताचा प्रेजेंत, म्हणजे खर्च उचलणारा यजमान, होतो, बँड, आतषबाजी, जेवण सगळं उचलतो, तेव्हा त्याच्या आईचा चेहरा कसा असतो ते तुम्ही म्हापशात पाहिलंच असेल. आणि तिथल्या कितीतरी शाळा चर्चच चालवतात, तोही खर्च त्याच पैशातून.

भाच्याने जावं आणि द्यावं. स्वतःच्या नावाने नाही. घरधन्याला आधी विचारून, बेताची रक्कम, पाकिटात घालून त्यांच्या हाती द्यावी, म्हणजे ती त्यांच्या घराच्या नावावर वाचली जाईल. परक्याने मोठी रक्कम दिली की शेजारच्या बाकावरच्या माणसाला ती गाठावीशी वाटते, आणि तो बिचारा कुठून आणणार? वह्यांची सोय करायची असेल तर ती शाळेत, गाजावाजा न करता करता येते. मी तेच केलं.

प्रश्न : मला बारावीनंतर कधीतरी असं दूरच्या देशात काम करायला जायचं आहे. टोंगात ‘तुझा धर्म कोणता’ असं विचारतात का? आणि विचारलं तर काय सांगायचं? – विद्यार्थी, सांखळी

उत्तर : विचारतात, पण असं नाही. ते विचारतात, तू कुठल्या चर्चची? आपण कुठल्या वाड्यावरचा असं विचारतो, तसंच. एकाच गावात वेस्लियन, कॅथलिक, मॉर्मन अशी तीन-चार चर्चं असतात, म्हणून माणूस कुठे ठेवायचा ते त्यांना कळायला हवं असतं. मी सरळ हिंदू म्हणून सांगितलं. पोरांना फिजीतले हिंदू ऐकून माहीत होते. कुणाला राग आला नाही.

आमच्या घरात रात्री जेवणाआधी सगळे खाली बसून प्रार्थना करत, आणि रोज एकाची पाळी असे. दुसऱ्या आठवड्यात आजी म्हणाल्या, आज शिक्षिकेची पाळी, तिने तिच्या भाषेत म्हणावं. मी घाबरले. मग आपण दिवेलागणीला जे म्हणतो ते म्हटलं. सगळे माना खाली घालून ऐकत होते. संपलं, तरी कुणी आमेन म्हणेना, कारण संपलं की नाही ते त्यांना कळलं नव्हतं. धाकट्या मुलीने डोळे किलकिले करून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली आणि मग सगळे एकदम मोठ्याने म्हणाले, आमेन. तेव्हापासून दर मंगळवारची पाळी माझी ठरली. मी परतले 2013 च्या डिसेंबरात. महिनाभरात, 11 जानेवारी 2014 ला, इयान नावाचं चक्रीवादळ हाअपाईवर आदळलं आणि त्या घराचं छप्पर गेलं. माणसं वाचली. बऱ्याच दिवसांनी फोन लागला, तेव्हा ती सगळी तंबूत राहत होती. आजींनी फोन हातात घेतला, छपराचं काही सांगितलं नाही. म्हणाल्या, आज मंगळवार आहे. मी घरात उभी होते, तिथूनच म्हणायला सुरुवात केली.